मागचे दोन स्पीकर

इंग्लंडातल्या लाँगटनच्या ट्रेव्हर मेचिनचा कान तिखट, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. चिनी मातीच्या कारखान्यात त्याचं उभं आयुष्य एकाच कामात गेलं. भट्टीतून निघालेली बशी बोटांच्या टोकांवर तोलायची, कानाशी न्यायची आणि टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर पुढे पाठवायची, बद्द वाजली तर डब्यात टाकायची. डोळ्यांना न दिसणारी चीर त्याच्या कानाला दिसायची. कारखान्यातल्या बायका म्हणायच्या, "ट्रेव्हरला नवरी दाखवू नका गं, टिचकी मारून बघेल." झालंही तसंच. त्याचं लग्न काही झालं नाही. थोरला भाऊ विल्फ, त्याचंही नाही. आईबाप गेल्यावर दोघे भाऊ त्याच रांगेतल्या घरात राहिले, दिवसा एक पुढच्या खोलीत आणि एक मधल्या.

पुढची खोली ट्रेव्हरची. तिथे तो आपला कान खऱ्या कामाला लावायचा. तरुणपणी ज्या रॉक अल्बमांवर जीव टाकला, तेच अल्बम आता नव्याने निघत होते. जुन्या ध्वनिफितींतून एकेक वाद्य सुटं काढून पाच स्पीकरांवर पुन्हा मांडलेले, तीन समोर आणि दोन मागे. मांडणारा जाणता असेल तर माणूस गाण्याच्या पोटात बसल्यासारखा होतो, आणि अडाणी असेल तर मागून नुसतीच भांडी पडल्यासारखं वाटतं. कोणी कसं मांडलंय याचा निवाडा करायला तिघं जमायची. ट्रेव्हर, बस चालवून निवृत्त झालेला बॅरी टॅम्स आणि शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली ग्लेनिस ब्लूर.

नियम कडक होते. खोलीच्या मधोमध एकच खुर्ची. पाचही स्पीकरांचं अंतर फितीने मोजून ती ठेवलेली. आळीपाळीने एकाने तिच्यात बसायचं, बाकीच्यांनी कडेच्या सोफ्यावर. अल्बम संपेपर्यंत बोलायचं नाही, उठायचं तर नाहीच. मग स्वयंपाकघरात जाऊन ज्याने त्याने आपापल्या बशीत साखरेचे खडे ठेवायचे, दहापैकी जितके द्यायचे तितके, आणि वर कप पालथा घालायचा. तिघांचे कप एकदम उचलायचे, म्हणजे कोणी कोणाचं बघून मत बदलायला नको. ग्लेनिसला साखरेचा आजार, पण देताना तिचा हात सढळ. ट्रेव्हरच्या कपाखाली सहा निघाले तरी बाकी दोघं एकमेकांकडे बघायची. आठ निघाले तर ती डिस्क बॅरी दुसऱ्याच दिवशी विकत घ्यायचा.

मागचे दोन स्पीकर ज्या भिंतीला लागून, तिच्या पलीकडे विल्फची खुर्ची होती. विल्फ कबुतरांचा माणूस. त्याला हा सगळा प्रकार खुळचटपणा वाटायचा, आणि तो ते लपवायचा नाही.

"गाणं समोरून आलं की पुरे की, धाकट्या. पाठीमागून चोर येतात."

"तुला नाही कळायचं ते."

"कळतंय ना. रोज ऐकतोय भिंतीतून. तुझ्या गाण्यात कोणी गातच नाही. नुसते हो ला हो म्हणत बसतात. कोणाला म्हणतात रे?"

आवाज फारच झाला की विल्फ काठीने भिंतीवर दोनदा ठोकायचा. ठक ठक. खुर्चीत कोणीही असो, ज्याच्या हाती रिमोट असेल तो आवाज उतरवायचा. त्यावर वाद नव्हता. पालथ्या कपांइतकाच तोही नियम होता.

मग विल्फची छाती भरायला लागली. कारखान्याच्या मातीखात्यातली कोरडी धूळ जन्मभर ओढली की शेवटी ती आपला हिशेब मागते, आमच्या इथे घरटी एक तरी असा माणूस निघेल. जिना चढवेना म्हणून त्याची खाट मधल्या खोलीत आणली, नेमकी त्या भिंतीला लावून. बॅरी आणि ग्लेनिसने आपणहून बैठक बॅरीच्या घरी हलवली. ट्रेव्हर एकटाच दुपारी ऐकायचा, विल्फचा डोळा लागला की. पण डोळा कसला लागतोय. काठीची ठकठक यायची, आणि दर वेळी ती आधीपेक्षा हलकी असायची. एके दिवशी इतकी हलकी आली, की ती ठक होती का नुसतं काठी घसरल्याचं खरखरणं, हे या तिखट कानालासुद्धा ठरवता येईना.

त्या दिवशी ट्रेव्हरने मागच्या दोन स्पीकरांचा आवाज वेगळा काढून थोडा उतरवला. पुढच्या आठवड्यात आणखी थोडा. असं करत करत तो पार तळाला नेला. विल्फला काठी उचलायला लागू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

मार्चमध्ये विल्फ गेला. दफनाला बरीच माणसं आली, कबुतरवाले तर झाडून सगळे आले. ट्रेव्हरने हॅमची सँडविचेस वाढली, सगळ्यांचे हात हातात घेतले, कोणाला किती साखर लागते ते लक्षात ठेवून चहा दिला. रडला मात्र नाही. रडू आलंच नाही. रात्री झोप लागली, सकाळी भूक लागली, आणि त्याला त्याचंच नवल वाटलं. कबुतरं त्याने विल्फच्या दोस्ताला देऊन टाकली, तेव्हाही काही वाटलं नाही. खाट तेवढी हलवायची राहिली.

मग तो पुन्हा ऐकायला बसला. आणि काय सांगावं, जी डिस्क लावावी ती बद्द. गाणं समोर लांब कुठेतरी चाललंय, जसं रस्त्यापलीकडच्या घरात चालावं. बैठकीला तो जाईनासा झाला. फोनवर आकडा सांगायचा.

"तीन," तो म्हणायचा.

"तीन?" बॅरी तिकडे उसळायचा. "अरे, मागे अख्खा ऑर्गन बसवलाय त्या माणसाने! काटा आला माझ्या अंगावर!"

"मला मागून काही आलं नाही."

"मग कान धुऊन ये."

पुढच्या डिस्कलाही तीनच. त्यापुढच्या डिस्कला तर दोन. बॅरीने चिडून महिनाभर फोन केला नाही. ट्रेव्हरला त्याचंही फारसं काही वाटलं नाही, हीच तर खरी गोम होती. एका सकाळी न्याहारीला ओटचं धिरडं चीज आणि बेकन घालून गुंडाळलेलं बशीत तसंच निवत पडलं होतं. त्याने रिकामा कप उचलून कानाशी धरला आणि टिचकी मारली. कप खणखणीत वाजला. तो ठेवून दुसरा घेतला, तोही वाजला. म्हणजे कान शाबूत होता. मग चीर कुठे आहे ते त्याचं त्याला कळलं. जन्मभर त्याने चिरलेला माल डब्यात टाकला होता. स्वतःसाठी वेगळा न्याय कशाला, असा विचार त्याने अगदी शांतपणे केला. हॉस्पिसच्या मदतीसाठी जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानाला फोन लावला. स्पीकर, यंत्र, डिस्कांचं कपाट, सगळं घेऊन जा म्हणाला. गाडी सोमवारी येणार होती.

शनिवारी दुपारी बॅरी आणि ग्लेनिस येऊन थडकली. ग्लेनिसच्या हातात केक होता. बॅरीच्या हातात 'ब्रिंडल मून' या बँडचा जुना अल्बम, नव्याने मांडलेला. हा अल्बम नव्याने कधी येतोय याची तिघांनी दहा वर्षं वाट पाहिली होती.

"शेवटचं ऐकून मग काय ते वाटोळं कर," बॅरी म्हणाला.

"वाटोळं कसलं. कोणाच्या तरी उपयोगी पडेल."

"आणि तू काय करणारेस रे राजा?" ग्लेनिसने विचारलं. "भिंतीकडे बघत बसणार?"

ट्रेव्हर हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "ग्लेनिस, मला कशानेच काही होत नाही आता. तुम्ही दोघं इतक्या दिवसांनी आलात, मला आनंद व्हायला हवा. झाला असेल तर मला दिसत नाहीये."

काहीतरी करायचं म्हणून बॅरीने रिमोट उचलला. म्हणाला, ज्याच्या घरी हे जाईल त्याला निदान कुठे काय लावलंय ते लिहून तरी ठेवतो. खरं तर या लोकांत दुसऱ्याच्या यंत्राच्या मांडणीला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवरचं झाकण उचलण्यासारखं. एकदा फितीने मोजून, कानाने जुळवून बसवलं की स्वतः मालकसुद्धा तिथे फिरकत नाही. म्हणून तर वर्षभर कोणी बघितलं नव्हतं.

बॅरीने पडद्यावर बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"ट्रेव्हर, मागचे दोन्ही तळाला कशाला नेऊन ठेवलेस?"

ट्रेव्हरचा हात आपोआप खुर्चीच्या पाठीवर गेला.

"विल्फला झोप लागावी म्हणून," तो म्हणाला.

"म्हणजे तेव्हापासून तू..." बॅरीने तोंड उघडलं होतं, पण ग्लेनिसने त्याच्याकडे असं पाहिलं की ते त्याने मिटलं. मग तो हळूच म्हणाला, "परत वर आणू?"

"नको."

"अरे, एवढीच तर भानगड आहे! कानाला काही झालेलं नाही तुझ्या, मनालाही नाही. बटण खाली आहे!"

"नको म्हणतोय ना."

ग्लेनिसला मात्र कळलं. पन्नास वर्षांची ओळख, न कळून सांगते कोणाला. ती म्हणाली, "घाबरलास. वर आणलं आणि तरीही बद्दच वाजलं, तर मग दोष टाकायला काही उरणार नाही."

"हो," ट्रेव्हर म्हणाला. खूप महिन्यांत त्याला पहिल्यांदा काहीतरी वाटलं होतं, आणि ती भीती होती.

"मग बस खुर्चीत. आम्ही दोघं आहोत सोफ्यावर."

तो बसला. बॅरीने मागच्या स्पीकरांचा आवाज पूर्वी होता तिथवर वर आणला आणि डिस्क लावली.

आणि मागची भिंत जागी झाली. ऑर्गन दोन्ही खांद्यांवरून पुढे आला, झांजा डोक्यामागून डावीकडे सरकल्या. मांडणाऱ्याने जीव ओतला होता. एकही आवाज उगाच नव्हता. ट्रेव्हरच्या कानाने पहिल्या मिनिटातच निवाडा दिला, की माल अस्सल आहे. पण तो कानाचा निवाडा होता. बशी चांगली निघाली म्हणून कोणी नाचत नाही. आत सगळं होतं तसंच होतं, आणि आता बटणाला बोल लावायचीही सोय नव्हती. सोमवारी गाडी येईल ते बरंच, असं त्याला वाटलं.

मग दुसऱ्या गाण्यात त्याच्या लक्षात आलं की आपली मान आखडली आहे. आवाज बराच मोठा होता, इतका मोठा या घरात किती दिवसांत झाला नव्हता. आणि तो गाणं ऐकतच नव्हता. तो गाण्याच्या पलीकडे ऐकत होता. मागच्या दोन स्पीकरांच्या मधली ती भिंत तो ऐकत होता, खांदे आवळून, आत्ता येईल, आत्ता येईल असा. बॅरी कौतुकाने ग्लेनिसला खुणावत होता की बघ, मागचं कसं कान देऊन ऐकतोय.

काही आलं नाही. गाणं आणखी चढलं, तरी आलं नाही.

ट्रेव्हर उठला. अल्बम चालू असताना, मधल्या खुर्चीतून उठला. बॅरीने आ वासला. ट्रेव्हर दारातून बाहेर पडून मधल्या खोलीत गेला आणि दार ओढून घेतलं.

खाट तशीच होती, चादर ओढलेली, उशाच्या दांडीला काठी अडकवलेली. तो विल्फच्या जागी बसला, पाठ भिंतीला टेकून. इथे तो कितीदा आला होता, औषध घेऊन, सूप घेऊन, पण पुढच्या खोलीत गाणं चालू असताना कधीच नाही. कसा येणार? गाणं चालू असताना तो नेहमी पलीकडे असायचा.

पुढच्या खोलीत गाणारा आता नावाड्याला विचारत होता, कालव्याचं दार उघडलं का, उशीर झाला का, माझ्यासाठी थांबशील का. ट्रेव्हरला ते शब्द पाठ होते. पण इथे ते येत नव्हते. गाणारा समोरच्या स्पीकरात होता आणि तो भिंतीतून पोचत नव्हता. पोचत होते ते फक्त मागचे, कोरसवाले. मध्ये लांबलचक शांतता, आणि मग भिंतीतून हळूच, "हो." पुन्हा शांतता. पुन्हा, "हो."

विल्फ खोटं बोलत नव्हता. त्याला चेष्टा करायची नव्हती. त्याला जे ऐकू येत होतं तेच तो सांगत होता, आणि इतकी वर्षं एकदाही धाकट्याला उठून इथे येऊन बसावंसं वाटलं नाही.

ट्रेव्हरला आधी हसू आलं. मोठ्याने हसला. आणि हसता हसता छातीतून जे वर आलं ते हसू नव्हतं. तोंडावर चादर धरून तो रडला, पोरासारखा, नाक वाहेपर्यंत. विल्फ हवा होता त्याला. कबुतरांच्या वासासकट, टोमण्यांसकट, आत्ताच्या आत्ता हवा होता. हे इतकं साधं होतं आणि इतके दिवस ते त्याला कळलं नव्हतं.

भिंतीतून आणखी एक "हो" आला. त्याने दांडीवरची काठी काढली आणि भिंतीवर दोनदा ठोकली. ठक ठक.

पलीकडचा आवाज उतरला. खरंच उतरला. ट्रेव्हर काठी हातात धरून बघतच राहिला. मग बॅरीचा आवाज आला, जरा घाबरलेला, "सवय रे बाबा! हात आपोआप गेला माझा!"

ट्रेव्हरने बाहीने नाक पुसलं आणि खाटेवर पाय वर घेतले.

"वाढव परत," तो भिंतीकडे तोंड करून ओरडला. "जास्त झाला तर मी ठोकीन."