कुणी कानानं गाडी शिकतं, कुणी पायानं

शेजारच्या सीटवर बसून रोज जीव मुठीत धरायचा, हा माझा धंदा. गारखेड्यातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी वहिन्यांना, काकांना, येईल त्याला गाडी शिकवते. दिवसातून इतक्या वेळा देव आठवला की किस्से साठणारच ना! नवरा म्हणतो, "तू घरी आलीस की टीव्ही लावायची गरजच पडत नाही."

आमचे मालक जाधव सर एकदा कुठल्याशा वर्कशॉपला जाऊन आले आणि आल्यापासून एकच घोकायला लागले. "प्रत्येकाची शिकायची स्टाइल वेगळी असते. कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हातपाय चालवून. पहिल्या दिवशीच विचारून घ्यायचं, तुम्ही कसं शिकता?"

विचारलं. समोर नवीनच आलेली एक वहिनी होती. तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, "मॅडम, घाबरत घाबरत!"

*

कुलकर्णी काका म्हणजे पक्के कानवाले. "मला दाखवू नका, फक्त सांगत जा," हे त्यांनी आधीच बजावलं. मी म्हणायचे "क्लच दाबा", की ते मोठ्यानं म्हणायचे "क्लच दाबला" आणि मगच दाबायचे. काम एकदम चोख.

एके दिवशी भर चौकात माझ्या लेकीचा फोन आला. ती शाळेच्या गेटवरून निघायच्या घाईत. मी ओरडले, "थांब तिथंच!"

कचकन ब्रेक! मागं हॉर्नचा नुसता गोंधळ. एक रिक्षावाला आमच्या सात पिढ्यांची चौकशी करून गेला. मी म्हटलं, "काका, अहो, मध्येच का थांबलात?"

"तुम्हीच म्हणालात ना! एकेरीत म्हणालात, पण मी मनावर घेतलं नाही."

*

लासूर स्टेशनचे बबनराव पोरीकडं राहायला शहरात आलेले. "ट्रॅक्टर लई हाकलाय मॅडम, ही तर खेळण्यातली गाडी," म्हणाले. आणि खरंच, गियर, क्लच, वळण, सगळं झकास. एकच अडचण. दर थोड्या वेळानं मान वळवून मागं बघायचे. आरशात नाही हो, पूर्ण वळून! तेही चालत्या गाडीत!

"बबनराव, पुढं बघा!"

"पुढं काय बघू? पुढं नुसती वाट असती. काम तर समदं मागं चालतं!"

नांगर मागं असतो, हे माझ्या डोक्यात यायला दोन दिवस लागले. तोवर एक म्हैस थोडक्यात वाचली.

*

नसीम आपा शहागंजात शिलाईकाम करतात. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारायची. सांगून झालं, दाखवून झालं, शेवटी मी म्हटलं, "आपा, मशीनचा पायडल समझो. एकदम छोडा तो धागा टूटेगा."

बस्स! गाडी अशी सुटली जशी रेशमावर सुई. मी खूश, आपा खूश. तेवढ्यात समोर खड्डा आला आणि आपांचा उजवा हात खिडकीबाहेर जाऊन हवेत काहीतरी चाचपायला लागला.

"आपा! हात अंदर!"

"बाजी, रोकने का चक्का किधर है इसका?"

*

एक इंजिनिअर पोरगा आला होता. सगळं व्हिडिओ बघून पाठ. मला काही बोलूच देईना. पहिल्याच चढावर गाडी बंद पडून मागं घसरायला लागली. मी माझ्याकडचा ब्रेक दाबून म्हटलं, "आता?"

तो शांतपणे म्हणाला, "हा पार्ट मी स्किप केला होता."

*

आणि पाटील बाई. प्राथमिक शाळेत आयुष्यभर शिकवून रिटायर झालेल्या. मोठी बहीण खुलताबादला एकटी, गुडघेदुखीनं घरीच बसलेली. घाट चढून तिच्याकडं जायचं तर दर वेळी कुणाच्या तरी मुलाला गळ घालावी लागायची. म्हणून गाडी.

पण बाईंना काही म्हणता काही जमेना. सर म्हणाले चित्रं काढून दाखव, दाखवली. मी बोलून पाहिलं, पाय धरून क्लचवर ठेवून पाहिला. टेस्टमध्ये दोनदा नापास. दुसऱ्यांदा गाडीतच रडल्या. "इतक्या पोरांना शिकवलं, आणि मीच ढ निघाले गं."

मला फार वाईट वाटलं. सहज म्हणून गेले, "बाई, आज तुम्हीच मला शिकवा."

त्यांनी डोळे पुसले. पाठ ताठ झाली. आवाजच बदलला! "हाताची घडी. खिडकीबाहेर बघायचं नाही. सांग, आधी काय करतो आपण?"

"आरसा बघतो, बाई."

"शाब्बास! मग?"

"क्लच दाबतो."

आणि गाडी एकही झटका न देता निघाली. त्या मला शिकवत गेल्या आणि त्यांना येत गेलं.

तिसऱ्या टेस्टला इन्स्पेक्टर साहेब शेजारी बसले. जाड मिशा, त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नाही. मी बाहेर उभी. गाडी निघाली. पहिलं वळण झालं. दुसऱ्या वळणावर काचेतून दिसलं, बाई काहीतरी विचारत होत्या आणि साहेबांनी हात वर केला होता.

गाडी परत आली, रेषेवर अलगद थांबली. साहेबांनी कागदावर 'पास' लिहिलं, उतरले, दार हळूच लावलं. मग खिडकीशी वाकून म्हणाले,

"बाई, जाऊ?"