कॅनडाला कळवलेलं बीपी

माझ्या हातून घोळ होतात, आमच्या घरात त्याचं कुणाला नवल राहिलेलं नाही. पण हा जो झाला ना, तो तीन देशांत गाजला. चहा निवायच्या आत सांगून होईल, ऐका.

माझी नणंद कॅनडात, दीर जर्मनीत, आणि आम्ही सासूबाईंना घेऊन अंबरनाथला. आईंना बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे. एकदा फोनवर नणंद म्हणाली, "वहिनी, इकडे माझ्या सासूबाई घरीच मोजतात, लिहून ठेवतात. एकदम कंट्रोलमध्ये. तुमच्याकडे कोण करतंय एवढं?"

'तुमच्याकडे' म्हणजे? ही बाई कॉलेजला असताना मोरिवलीच्या नाक्यावर उभी राहून दोन-दोन वडापाव खायची, मी डोळ्यांनी बघितलंय.

मग काय, दुसऱ्याच दिवशी मी उल्हासनगरहून मशीन आणलं. दुकानातले सिंधी काका म्हणाले, "भाभी, बटन दबाओ और बैठ जाओ. इसमें गलती हो ही नहीं सकती." त्यांना बिचाऱ्यांना मी कुठे माहीत?

ठरलं असं की दर रविवारी तिन्ही घरांनी आपापले आकडे फॅमिली ग्रुपवर टाकायचे. आईंनी तो पट्टा बघितला आणि हात पदराखाली घेतला.

"हे आवळतं म्हणे. आधी तू बांध. तुला काही झालं नाही तर मी बांधीन."

म्हणून दर रविवारी आधी माझं, मग आईंचं. कागदावर दोन ओळी लिहायच्या. नावं कशाला? दोघीच तर होतो.

आता आमच्या घरात चहाचा पहिला कप आईंचा, पहिलं ताट आईंचं, लग्नाच्या आहेरावर पहिलं नावसुद्धा आईंचं. मग ग्रुपवर टाकताना वरचा आकडा कोणाचा? हाताला सवयच तशी. मी लिहिलं, 'आई १५८/९६. मी १२२/७८.' एकदा नाही, तीन रविवार हेच, दोनचार इकडेतिकडे.

नणंद घाबरली. "वहिनी, आईचं एवढं? मीठ कमी कर आधी." दिराने जर्मनीत बसून अंबरनाथचे पापड बंद केले, लोणचं बंद केलं.

आणि मी? खोटं कशाला बोलू, मी मनातून खूश होते. तीन देशांत सगळ्यात छान बीपी माझं. त्या आनंदात मी आईंच्या वाटणीचे पापडही खाल्ले.

आई अळणी जेवत होत्या. एकदा चमच्यातलं वरण खाली सोडत म्हणाल्या, "अगं, हे वरण आहे की बारवी धरणाचं पाणी?"

"तुमच्यासाठीच ना आई."

"माझ्यासाठी असेल तर मला विचारून तरी कर."

चौथ्या आठवड्यात नणंदेने हुकूम सोडला, गोळी वाढवून घ्या. आम्ही दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आईंचं बीपी दोनदा बघितलं.

"उत्तम आहे. गोळी कशाला वाढवायची?"

मी पर्समधून कागद काढला. "घरी बघा किती येतं. हे वरचं आईंचं."

आईंनी चष्मा पुढे सरकवून कागद बघितला. "वरचं कसं माझं? आधी तर तू बांधतेस."

मी कागद घडी करून परत पर्समध्ये ठेवायला लागले. डॉक्टरीणबाईंनी पट्टा आईंच्या हातावरचा सोडवून माझ्या हाताला गुंडाळला. एकशे साठ.

"डोकं दुखतं?"

"दुखतं. आईंच्या काळजीने."

आईंनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला.

"म्हणजे बघा," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "बीपी तुमचं, कळलं कॅनडाला, आणि पथ्य केलं आईंनी."

मी हळूच विचारलं, "मग आता कंट्रोलमध्ये कसं आणायचं?"

त्यांनी गोळीची चिठ्ठी लिहिली, मीठ कमी, पापड बंद असं खाली खरडलं, आणि मी हात पुढे केलेला असताना ती आईंच्या हातात दिली.