बोटीच्या खिडक्या

पनवेलात आमचं ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं वर्कशॉप आहे. उलव्यात इमारत उठली की आमच्या हाताला काम. त्यामुळे एका निवृत्त साहेबांनी त्यांच्या जुन्या फायबरच्या शिडाच्या बोटीसाठी नव्या खिडक्या मागितल्या, तेव्हा मी नवऱ्याला सरळ म्हटलं, नको ही भानगड. आमच्या खिडक्या भिंतीत बसतात आणि भिंत जागची हलत नाही. पण नवरा हट्टाला पेटला.

साहेबांनी बजावलं होतं, शिडात वारा भरला की बोट कलते आणि एका बाजूच्या खिडक्या पाण्याखाली जातात. नवरा मिठागरात वाढलेला, पण ते गुडघाभर पाणी. त्याला पोहायला येत नाही.

फ्रेम तयार होऊन बसल्या तेव्हा मी नेऱ्याला माहेरी होते. परत आले त्याच सकाळी साहेब नवऱ्याला बोटीवर घेऊन गेले होते. ज्याने खिडक्या केल्या त्याने पहिल्या फेरीला आत बसायचं, असं म्हणे. मी वर्कशॉप झाडायला घेतलं. वाक चुकला म्हणून टाकून दिलेली बोटीची एक फ्रेम कोपऱ्यात उभी होती. ती उचलताना तिच्या खालच्या पट्टीत भोकं दिसली.

इमारतीच्या खिडकीला ही भोकं लागतातच. पट्टीत साचलेलं पावसाचं पाणी त्यातून बाहेर जातं. नवऱ्याच्या हाताला तीच सवय. शिवाय तो एकेक पट्टी घेत बसत नाही, सगळ्या एकत्र बांधून एकदम ड्रिल मारतो. म्हणजे बोटीच्या सगळ्याच खिडक्यांना भोकं होती, आणि त्या पाण्याखाली गेल्या की समुद्र तिथूनच आत येणार होता.

फोन लावला, लागेना. रिक्षा करून धक्क्यावर गेले, वाटेत रिक्षावाल्यावर उगाच खेकसले. लांब होडी दिसली की मी उठायची, जवळ आली की ती मच्छीवाल्यांची निघायची. मनात नको नको ते येत होतं. त्याच्या हट्टाला शिव्या देत होते आणि तशीच रडत होते.

उन्हं कलल्यावर बोट आली. सुकाणू सोडून साहेब आधी उतरले, एकदम खुशीत. "वहिनी, काय खिडक्या केल्यात! पुढच्या रविवारी मांडव्यापर्यंत जाऊ."

मागून नवरा उतरला. अंगात शर्ट नव्हता, तो पिळून काखेत मारलेला. बोटं पांढरी पडून सुरकुतलेली.

मी त्याला बाजूला ओढलं. "पाणी येत व्हतं ना?"

"येत व्हतं. शर्टानं दाबून धरलं."

"मग बोट फिरवायला का नाय सांगितलं?"

"आपली खिडकी गलते, असं बोलले असते साहेब."

"आनि रविवारी?"

"जाईन की. दुसरा शर्ट नाय काय मला?"

त्याला तिथंच सोडून मी साहेबांकडे गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "साहेब, खिडक्या गळतात. चुकून भोकं पाडलीत आम्ही. नव्या करून देतो, तोवर बोट काढू नका."

नवरा कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. न बोलेना का, घरात तर होता.