मैत्रेयीने आखलेली रेघ

मैत्रेयी फार जपून वागणारी मुलगी. परदेशात, जुरोंग ईस्ट भागातल्या फ्लॅटमध्ये ती कोरियाच्या सूजिनबरोबर वर्षभर राहत होती. पण मीठ संपलं तर खाली दुकानात जाई, सूजिनच्या बरणीला हात लावत नसे. कुणी आगाऊपणा केला की कोरियन लोक ‘रेघ ओलांडली’ म्हणतात, हे तिला सूजिननेच सांगितलं होतं.

पुण्याहून आलेल्या आईने मात्र दुसऱ्याच दिवशी खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घातलेले सूजिनचे कपडे काढले, घड्या घातल्या आणि थेट तिच्या पलंगावर नेऊन ठेवले. ही मैत्रीण आता तुटलीच, असं मैत्रेयीला वाटलं.

सूजिन घरी येताच मैत्रेयी तिच्या मागोमाग खोलीच्या दारापर्यंत गेली. “माफ कर. आईने रेघ ओलांडली.”

“आईंनी कुठे?” सूजिन हसली. “रेघ तर तू आखलीस. माणसाला लांब ठेवणाऱ्याला आम्ही तसंच म्हणतो. मला वर्षभर वाटत होतं, मी तुला आवडतच नाही.”

मैत्रेयीच्या छातीवरचं ओझं उतरलं. ती आत जाऊन सूजिनच्या पलंगावर चक्क ऐसपैस बसली.

“बसलीच आहेस,” मागून आई म्हणाली, “तर उशीला अभ्रा चढव तिच्या.”