स्विच नसलेले दिवे

जानकीराम माझा चुलतभाऊ. वय चौपन्न. इथे कुंभकोणमला एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. मुलांना उपकरणं काढून द्यायची आणि तास संपला की कपाटात ठेवायची, एवढंच त्याचं काम. पण गल्लीत तो इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार म्हणून ओळखला जातो, कारण तसं त्यानंच सांगून ठेवलं आहे. पॉलिटेक्निक त्यानं दुसऱ्या वर्षी सोडलं. का सोडलंस विचारलं तर म्हणतो, तिथले शिक्षक मागे पडले होते.

त्याच्या हातून नीट पुरी झालेली वस्तू मी पाहिलेली नाही. तुळशीला आपोआप पाणी घालणारं यंत्र केलं, तुळस कुजली. दारावरची घंटा मोबाईलला जोडली. पाहुणा दारात उभा राहून बटण दाबायचा, घंटा वाजायची प्रयोगशाळेत जानकीरामच्या खिशात, आणि घरातल्या कुणाला पत्ता नसायचा.

त्यानंतर त्यानं कार्तिगै, म्हणजे इकडचा दिव्यांचा सण, हातात घेतली. त्या संध्याकाळी सगळ्या कुंभकोणमभर दारात, ओट्यावर, गच्चीच्या कठड्यावर मातीच्या पणत्या लागतात. आमच्याकडे त्या जानकीरामचे थोरले भाऊ तुकोजीदादा आणि पंकजावहिनी लावायचे. दोघे भाऊ एकाच घराच्या दोन भागांत राहायचे. गच्ची एक, मीटरही एकच. जानकीरामनं तीनशे छोट्या दिव्यांची पट्टी मागवली, ती कठड्याभोवती चिकटवली आणि नखाएवढ्या एका इलेक्ट्रॉनिक पाटीतून इंटरनेटला जोडली. डब्लिनला असलेली त्याची मुलगी सौम्या तिथून बटण दाबणार आणि इथे दिवे लागणार, असा बेत होता.

"स्विच कुठे आहे?" मी विचारलं. तिरुभुवनमच्या ज्या विणकर सोसायटीत मी नोकरी करतो, तिचं कार्यालय बंद करताना आठही स्विच मी स्वतः बघतो. पुढच्या मे महिन्यात निवृत्त होईन, तोवर बघीन.

"स्विच नाही लाविला," तो आमच्या तंजावरी मराठीत अभिमानानं म्हणाला. "लाविला तर कोणी तरी बंद करील. मग सौम्याला कसें लागतील? आतां स्विच कोण लावतें, अनंता? म्हातारे!"

वीज पुरवणारा डबाही त्यानं टाकीवर बसवून पावसासाठी चारी बाजूंनी सील करून टाकला.

गेल्या वर्षीच्या कार्तिगैला तुकोजीदादांनी त्याच्या शब्दाखातर पणत्या लावल्या नाहीत. रस्त्यात खुर्ची टाकून तासभर वर बघत बसले. सौम्यानं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. एकही दिवा लागला नाही. शेवटी दादाच उठून म्हणाले, "राहूं दे जानू, पुढल्या वर्षीं पाहूं."

पुढचं वर्ष त्यांना मिळालं नाही. चैत्रात ते गेले. मुलगा नसल्यामुळे अग्नी जानकीरामनं दिला. वर्ष पुरं होईपर्यंत दोन्ही घरांत सण नाही. कार्तिगैला देवापाशी एक समई, बाहेर अंधार. पंकजावहिनींनी त्याला माझ्यासमोर सांगितलं होतं, "जानू, तूं कांहीं लावूं नको, इतकेंच. लोक तुला नाही म्हणणार. म्हणतील, नवरा गेला आणि हिनें घर उजळिलें."

"पट्टी काढून टाक," मी म्हणालो.

"कशाला? दुरुस्त करून मोबाईलवरून बंद केलों आहे. वर राउटरही काढून ठेवितों. नेट नाही तर दिवा नाही!" आपल्या हुशारीवर तो खूश होता.

यंदाच्या कार्तिगैच्या संध्याकाळी मी वहिनींकडे गेलो. समोरची शिवरंजनी सणाच्या पोरीचे, म्हणजे चुरमुऱ्यांचे, लाडू घेऊन दारात आली होती; ज्या घरात सण नाही तिथे शेजारी नेऊन देतात. गल्लीतल्या पणत्या लागल्या होत्या. तेवढ्यात करंट गेला आणि मिनिटभरात आला. आणि आमचा कठडा पेटला. पिवळा, मग जांभळा, मग कडेनं धावणारा निळा. लग्नघरासारखा.

झालं होतं ते असं. ती पाटी वीज जाऊन आली की आधी दिवे लावते. हे बदलता येतं. त्यानं बदललं नव्हतं. बंद करायचा हुकूम जातो वायफायवरून, आणि वायफाय या शहाण्यानं स्वतः उपटून ठेवलं होतं.

रस्त्यात माणसं थांबली. शिवरंजनीनं ताट तसंच धरून तमिळमध्ये विचारलं, "मामा, हे काय? इथे वर्ष चाललंय ना?"

आपल्या दारातून धावत आलेला जानकीराम मोबाईलवर बोट घासत होता. "शोधतें आहे... शोधतें आहे... राउटर चालू होऊं दे, दोन मिनटें!"

"वर जाऊन डबा तोड!" मी ओरडलो.

"तोडूं कसा? सील केलों आहे कीं!"

वहिनी जिन्याखाली गेल्या आणि मेन खाली ओढला. दोन्ही घरं काळी झाली. समईचा उजेड तेवढा उंबऱ्यापर्यंत येत होता.

त्या अंधारात जानकीरामनं काय विचारावं? "वैनी, पिवळा रंग बरोबर आलता कीं नाही?"

शिवरंजनीनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आता वहिनी त्याला फोडून काढतील. पण त्या हळूच म्हणाल्या, "आलता. तीनशेंही लागलते. गेल्या वर्षीं तुझे दादा खुर्ची टाकून तासभर बसले, तेव्हां एक नाही लागला."

जानकीरामनं मोबाईल खिशात टाकला. तो जिन्याच्या पायरीवर बसला. वहिनींनी शिवरंजनीच्या हातून ताट घेतलं आणि आत गेल्या. रात्रीपर्यंत मेन कुणी वर केला नाही.

दुसऱ्या दिवशी तो पट्टी काढायला वर चढला. कठड्याची एक बाजू सोडवली आणि उतरला. बाकीच्या तीन अजून तशाच आहेत. मी त्याला एक स्विच आणून दिला. तो त्याच्या टेबलावर आहे. पुडकंसुद्धा फोडलेलं नाही.