आबांचं जपानी आजारपण

माझे वडील आयुष्यात एकदाच आजारी पडले, आणि तेही जपानी भाषेत.

चाकणच्या आमच्या कंपनीतून एकाला ट्रेनिंगसाठी जपानला पाठवणार होते. मला जायचंच होतं. मी उदाहरणवाक्यांचं एक पुस्तक आणलं आणि पाढे पाठ करावेत तसं ते पाठ केलं. अख्खं वाक्य धडाधड यायचं. त्यातला एक शब्द बदलायचा म्हटलं की घाम फुटायचा. (हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला तर नाहीच.)

निवड करणारे जपानी साहेब एका रविवारी आमच्या पिंपळे गुरवच्या घरी जेवायला आले. ते काही विचारत, मी त्यातला ओळखीचा शब्द पकडून त्याचं पाठ वाक्य ठोकून देई. त्यांनी बायकोची चौकशी केली. मी म्हणालो, "माझी पत्नी पियानो वाजवते." साहेब पियानो कुठे दिसतोय का ते बघू लागले. मग वडिलांबद्दल विचारलं. "माझे वडील फार आजारी आहेत. ते अंथरुणातून उठू शकत नाहीत." साहेबांचा चेहराच पडला.

ते हात धुवायला आत गेले आणि दारात आबा हजर! गावाहून, खांद्यावर कांद्याचं पोतं घेऊन.

"आबा, पटकन आडवे व्हा."

"का रं? मला काय झालंय?"

"तुम्ही आजारी आहात. जपानीत."

"आरं, आत्ता वावरातनं आलोय मी."

"झोपा हो आबा," बायको म्हणाली, "ह्यांच्या जपानचा प्रश्न आहे."

आबा झोपले, आणि असे काही कण्हायला लागले की मलाच काळजी वाटली. साहेब त्यांचा हात धरून उशाशी बसले. बायकोने रश्श्यात कुस्करलेली भाकरी भरवली, तर आबा डोळे न उघडता पुटपुटले, "पीस न्हाई का त्यात?"

काय म्हणाले, असं साहेबांनी विचारलं. घाबरून मी तोंडात आलं ते वाक्य फेकलं, "कृपया मला सोडून जाऊ नका."

साहेबांनी रुमाल काढला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दुभाषी बाईंनी निकाल सांगितला, "साहेब म्हणतात, तुमचं जपानी फार सुंदर आहे. पण अशा वडिलांपासून मुलाला तोडायचं पाप ते करणार नाहीत."

जपानला आमच्या लाइनवरचा गणेश गेला. त्याला जपानीतलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे त्याच्या घरचे सगळे धडधाकट राहिले.