लोहाराची खुर्ची

शत्रुघ्न मेस्त्री कुडाळचा, पिढीजात लोहार. आखातात, शुऐबा इथल्या आमच्या वर्कशॉपमध्ये तो फॅब्रिकेटर होता आणि मी इंजिनियर. अठ्ठ्याण्णव साली माझ्या जुईलीला शाळेच्या प्रदर्शनासाठी प्राचीन केल्ट लोकांच्या रथाचं चाक हवं होतं. लाकडी चाक सुताराने करून दिलं. त्यावर बसवायची लोखंडी धाव शत्रुघ्नने वळवली, तर ती चाकापेक्षा बोटभर लहान!

"माप चुकवलंस," मी खेकसलो. "आता कापून बोल्टने बसव."

तो माझ्यावरच उखडला. "बोल्ट? धाव लहानच होयी, सायबानू! तापली की वाढता, निवली की चाकाक आवळून धरता. माझ्या बापाशीन गावातल्या सगळ्या गाड्यांका अशीच चढवल्यान."

त्याने धाव लालभडक तापवली, चाकावर ठोकून बसवली आणि वर पाणी ओतलं. लाकूड करकरलं, चाक घट्ट आवळलं गेलं. जुईलीने तिचं पुस्तक उघडून दाखवलं. दोन हजार वर्षांपूर्वी केल्ट लोहार अगदी असंच करायचे.

प्रदर्शनात चाकाजवळ एकच खुर्ची होती. मी सवयीने बसलो. शत्रुघ्न इस्त्रीचा शर्ट घालून मागे उभा राहिला. एरवी घरातही इंग्रजीत उत्तर देणारी माझी मुलगी सगळ्यांसमोर मराठीत म्हणाली, "बाबा, उठा. केल्ट लोकांत लोहाराचा मान मोठा होता. ही खुर्ची काकांची आहे."

मी उठलो आणि शत्रुघ्नच्या जागी मागे उभा राहिलो. आजवर एवढ्या ताठ मानेने मी कुठल्या खुर्चीत बसलोही नव्हतो.